खोकताना धरायची उशी

मी उशी बोलतेय. डोक्याखाली घ्यायची नव्हे, खोकताना छातीशी धरायची. अशी वेगळी उशी असते हे तुम्हाला माहीत नसेल, तर तुमचं बरं चाललंय असं समजा. मी ज्या घरात जाते, तिथे कुणाची तरी छाती उघडून परत शिवलेली असते.

आधीच सांगून ठेवते, माझ्याकडून रडारड होणार नाही. मी फोमची आहे. दाबलं की दबते, सोडलं की फुगते. यापलीकडे मला काही होत नाही. ज्यांच्या छातीवर मी सगळा हिवाळा आणि अर्धा उन्हाळा पडून होते, त्यांनाही तेव्हा काही होत नव्हतं. म्हणून आमचं जमलं.

माझा जन्म चाकणचा. तिथे गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात माझा फोम ओतला गेला. करडं, जाड कापडही तिथलंच. मी एखाद्या गाडीत डोकं टेकायची गादी होणार होते. पण कापताना एक कोपरा तिरका गेला आणि मला रद्दी मालाच्या पोत्यात टाकलं. माझ्याबरोबरच्या तुकड्यांनी आतापर्यंत गोवा, नागपूर, कुठं कुठं बघितलं असेल. मी काळेवाडीला आले.

काळेवाडीत तानुबाई नावाच्या एक बाई शिवणकाम करतात. असे तुकडे आणून त्या हॉस्पिटलांसाठी उशा शिवतात. त्यांनी माझा तिरका कोपरा सरळ केला, खोळ चढवली आणि शेवटची शिवण हातानं, जाड दोऱ्यानं घातली. दोऱ्याची गाठ आत ढकलायची असते. तानुबाईंनी ती बाहेरच ठेवली. शेजारीण म्हणाली, "टोचंल की कुणाला." तानुबाई म्हणाल्या, "टोचू दे. उसवायची तरी न्हाई."

त्या गाठीसकट मी पिंपरीतल्या एका हॉस्पिटलात पोचले.

दत्तजयंती होऊन गेली होती. वर्षाली मॅडमनी मला कपाटातून काढलं आणि पलंगावरच्या एका माणसाच्या हातात दिलं. मॅडम फिजिओथेरपिस्ट. पलंगावरचा माणूस म्हणजे थेरगावचे आबाजी. जुन्या गावातलं घराणं. जिथे वडिलांचं ज्वारीचं रान होतं, तिथे आता आबाजींची तीन मजली इमारत आहे. खाली भाडेकरू, तिसऱ्या मजल्यावर हे. लिफ्ट नाही. बांधताना कुणीतरी सुचवली होती. "पाय कशाला दिलेत देवानं?" असं तेव्हा आबाजीच म्हणाले होते.

रोज पहाटे खाली उतरून पाण्याची मोटर चालू करायची आणि जिन्यातल्या चपला, सायकली, झाडांच्या कुंड्या यांवरून भाडेकरूंच्या नावानं ओरडत वर यायचं, हा त्यांचा नेम होता. अशाच एका पहाटे, मोटर चालू करून वर येताना, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांच्या छातीत कळ आली. तिथे विजेच्या मीटरांची पेटी आहे. तिला धरून ते खाली बसले. मग बायपास झाली.

"काका," वर्षाली मॅडम म्हणाल्या, "तुमच्या छातीचं हाड तारेनं बांधलंय. ते जुळेपर्यंत खोकताना, शिंकताना, उठताना ही उशी छातीशी घट्ट धरायची. हाड जुळलं की हिची गरज नाही. आणि मुख्य म्हणजे चालायचं. घरी हळूहळू जिना चढायचा. महिन्याभरानं आमच्या हॉलमध्ये यायचं. त्याला कार्डिॲक रिहॅब म्हणतात. तारा लावून, ठोके बघत, आम्ही तुम्हाला परत चालायला शिकवू."

"चालाया येतं मला," आबाजी म्हणाले.

"तेच बघायचंय."

पलंगाभोवती घरचे उभे होते. बायको विमलबाई, एम.कॉम. करणारी मुलगी तनुजा, आणि आबाजींची थोरली बहीण सुभद्राबाई. सगळे त्यांना आत्या म्हणतात. तनुजा शेवटपर्यंत ऐकत होती. आत्यांनी 'घट्ट धरायची' इथपर्यंत ऐकलं आणि मान डोलवली. घरातल्या मोठ्या माणसांची ही एक सवयच असते. डॉक्टरचं वाक्य अर्धं झालं की त्यांना सगळं समजतं. उरलेलं अर्धं ते घरी गेल्यावर स्वतः तयार करतात.

पहिल्यांदा मला छातीशी धरलं तेव्हा आबाजी म्हणाले, "डाव्या अंगाला काय लागतच न्हाई. हितं दुसराच कुणी हाय."

मॅडमनी सांगितलं की ऑपरेशनसाठी छातीच्या आतली एक रक्तवाहिनी घेतली, त्यामुळे वरची कातडी बधिर होते. हळूहळू जाणीव परत येते. आबाजींनी पुढे विचारलं नाही. माझी गाठ नेमकी त्या बधिर जागेवर दाबली जात होती. त्यांना कळत नव्हतं. मला तर काय कळायचं.

घरी निघालो तेव्हा गाडीत पट्टा आणि छाती यांच्या मधे मला ठेवलं. अखेर मी गाडीत बसले. थेरगाव येईपर्यंतच.

इमारतीच्या दारात पुतणे प्लास्टिकची खुर्ची घेऊन उभे होते.

"बसा काका. वर नेतो."

"मॅडमनी जिना चढायला सांगितलंय," तनुजा म्हणाली. "हळूहळू. प्रत्येक मजल्यावर थांबून."

"त्या मॅडमला भाऊ हाय का?" आत्या म्हणाल्या. "न्हाई ना? मंग गप. उचला रे."

चौघांनी खुर्ची उचलली. आबाजी मला पोटाशी धरून नवरदेवासारखे वर गेले. भाडेकरू दारात उभे राहून बघत होते. जिन्यात कुणाच्या तरी चपला आडव्या पडल्या होत्या. आबाजी काही बोलले नाहीत.

त्या दिवसापासून माझा जो काय मान वाढला, तो कुठल्याही उशीच्या वाट्याला येऊ नये. आत्यांनी आपल्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडून मला आबाजींच्या छातीला बांधलं. "सुटली तर टाकं उघडतील," त्या म्हणाल्या. असं कुणीच सांगितलं नव्हतं. आबाजी आंघोळीला गेले की मला देव्हाऱ्याशेजारी पाटावर ठेवायचं. एकदा आत्यांनी मला कुंकू लावलं. कापड करडं, त्यावर तो डाग आहे अजून. भेटायला येणारे आधी आबाजींकडे बघत, मग माझ्याकडे.

"हीच का ती?"

"हीच. हिलाच धरून वाचला."

मी कुणाला वाचवलं नव्हतं. वाचवलं होतं सर्जननं आणि ॲम्ब्युलन्स बोलावणाऱ्या खालच्या भाडेकरणीनं. पण उशीला पाया पडणं सोपं असतं, ती उलटं सांगत नाही.

आणि भेटायला येणारे तरी किती! शहाळी, बिस्किटाचे पुडे, केळी. प्रत्येकाचा सल्ला एकच. आराम करा. पाणीसुद्धा उठून घेऊ नका. आमच्या मेहुण्यानं घाई केली आणि गेला. मग सगळे मेहुण्याविषयी बोलत बसायचे, चहा पिऊन उठायचे आणि धडधडत जिना उतरून जायचे. आबाजी ऐकायचे. टीव्ही चालू असायचा. त्यांना बातम्या लावून दिल्या तर बातम्या, भजन लावलं तर भजन. खालून मोटरचा आवाज यायचा. आता ती पुतण्या चालू करायचा. टाकी भरून पाणी रस्त्यावर वाहायचं. आबाजींना ते ऐकू यायचं. मी त्यांच्या छातीवर वरखाली व्हायचे, एवढीच घरात हालचाल.

एकदा आंघोळीच्या वेळी विमलबाईंना गाठीचा लाल वळ दिसला.

"अहो, हे टोचत नाही का तुम्हाला?"

"काय?"

"ही गाठ."

"कशाला टोचंल," आबाजी म्हणाले, आणि शर्ट घातला.

महिना झाला. रिहॅबला जायचा दिवस आला तेव्हा आत्यांनी नवसाची गोष्ट काढली. ऑपरेशन चालू असताना, दवाखान्याच्या भिंतीकडे तोंड करून, त्या गावच्या भैरवनाथाला बोलल्या होत्या. भावाला राख, तुझ्या चैत्रातल्या उत्सवापर्यंत तो उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही, उत्सवाला तुझ्या पायाशी आणून घालते.

नवस बोलल्या आत्या, पाळायचा आबाजींनी. या घरात याला प्रेम म्हणतात.

"पण मधे टाके दाखवायला नेलं होतं की," तनुजा म्हणाली.

"खुर्चीत नेलं. पाऊल कुठं टाकलं त्यानं?"

हा हिशोब आत्यांनी आधीच घालून ठेवला होता. आता चालायला शिकण्यासाठी जाणाऱ्या माणसाला रोज खुर्चीत उचलून कसं न्यायचं, यावर त्यांच्याकडेही उत्तर नव्हतं. म्हणून जायचंच नाही.

आबाजींना कुणी विचारलं नाही. विमलबाई म्हणाल्या, "देवाचं आहे ते, आपण काय बोलायचं." तनुजानं पप्पांकडे बघितलं. पप्पांनी टीव्हीकडे.

असे आणखी काही आठवडे गेले. आबाजींना संडासापर्यंत जाऊन आलं तरी धाप लागायला लागली. आत्या म्हणायच्या, "बगा, अजून किती अशक्तपणा हाय. बसू द्या त्याला." बसून अशक्त झालेल्या माणसाला अशक्त आहे म्हणून बसवून ठेवायचं. हे गणित मी छातीवर पडून रोज ऐकत होते.

मग एका दुपारी वर्षाली मॅडमचा फोन आला. तनुजानं तो मुद्दाम स्पीकरवर टाकला.

"काका आलेच नाहीत अजून. घरी चालतात का?"

"सोफ्यावरून पलंगावर," तनुजा म्हणाली.

मॅडम म्हणाल्या, "हे बघा, हृदय म्हणजे पण स्नायूच. बसवून ठेवलं तर तेही बसतं. ऑपरेशननं रस्ता मोकळा केलाय, पण गाडी चालवायची तुम्हालाच. असे घरी बसलेले पेशंट परत आमच्याकडे येतात, आणि तेव्हा आमच्या हातात फार काही नसतं. काकांना घाबरवत नाही मी. घरच्यांना सांगतेय."

फोन बंद झाला. आत्या शेंगा सोलत होत्या, त्यांनी हात थांबवला नाही.

"आत्या," तनुजा म्हणाली, "नवस कोण बोललं?"

"मी."

"मग पप्पांनी का पाळायचा? तेव्हा ते बेशुद्ध होते. त्यांना विचारलं होतंस?"

"भावासाठी बोलले मी."

"लग्न तू ठरवायचं आणि बोहल्यावर त्यांनी उभं राहायचं?"

"तनू, तोंड आवर," विमलबाई म्हणाल्या.

"नाही आवरत. दोन महिने आवरलंय. आत्या, देवाशी तू बोललीस ना? मग तू बस. उत्सवापर्यंत तू उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू नकोस. देवाला घरातलं एक माणूस बसलेलं पाहिजे ना? कुणी का बसेना!"

आत्या काळेवाडीच्या. रिक्षाला हात न करता काळेवाडीहून थेरगावला चालत येणाऱ्या, डांगे चौकातल्या मंडईत दहा ठिकाणी भाव करणाऱ्या, कुणाच्याही बारशाला आणि दहाव्याला पहिल्या पोचणाऱ्या. घरात बसणं म्हणजे काय, हे त्यांना माहीत नव्हतं. दुसऱ्याला सांगायला मात्र येत होतं.

शेंगांची टरफलं पंख्यानं फरशीवर सरकत होती.

"बसते," आत्या म्हणाल्या.

"काय?"

"भैरोबाचं नाव घेतलंय, पोरी. चेष्टा न्हाई. बसते मी. विमल, काळेवाडीला निरोप धाड, माझी पिशवी आणून दे म्हणावं."

तनुजाला हे अपेक्षित नव्हतं. ती भांडायला उभी राहिली होती, आणि भांडण एकदम संपलं. सगळ्यांनी आबाजींकडे बघितलं.

तेव्हा जे झालं ते फक्त मला कळलं. मी बांधलेली होते ना छातीला. इतके आठवडे सुस्त चालणारे ठोके माझ्यावर आदळायला लागले. आबाजी नवसामुळे बसले नव्हते. ते घाबरले होते, आणि नवस त्यांना सोयीचा पडला होता. आता ती सोय बहिणीनं उचलून नेली.

"उद्या बघू," ते म्हणाले.

"आज," तनुजा म्हणाली. तिनं चपला आणून पायाशी ठेवल्या.

आबाजी उठले. उंबरा ओलांडला. जिन्याच्या पहिल्या पायरीवर येऊन थांबले. एका हातानं कठडा, दुसऱ्या हातानं मी. खालच्या वळणावर मीटरची पेटी दिसत होती.

"तनू," ते अगदी हळू म्हणाले, आत्यांना ऐकू जाऊ नये असं. "खाली गेलो आन वर येताच आलं न्हाई तर?"

तनुजा पायरीवर त्यांच्या शेजारी उभी राहिली.

"मग खालीच राहू," ती म्हणाली. "एक खोली रिकामी करू. मोटरपण जवळ पडेल."

आबाजी पायरी उतरले.

रिहॅबचा हॉल म्हणजे काही देऊळ नव्हे. चार सायकली, दोन चालण्याचे पट्टे, भिंतीला आरसा, कोपऱ्यात पाण्याचा जार. छातीला तारा चिकटवतात आणि पडद्यावर ठोक्यांची रेघ धावते. माणसं एकमेकांकडे न बघता चालत असतात. सगळे वाचलेले आणि कुणालाच त्याचं काही वाटत नसलेले. मला तिथे बरं वाटलं असतं, वाटत असतं तर.

मॅडमचा नियम सोपा होता. चालताना बोलता आलं पाहिजे. बोलता येईना झालं तर वेग जास्त. गाणं म्हणता येत असलं तर कामचुकारपणा.

"पण बोलायचं काय?" आबाजींनी विचारलं.

"शेजारी आहेत ना कोंडीराम. त्यांना विषय लागत नाही."

कोंडीराम बीडकडचे. चाकणला पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये कामाला. त्यांना स्टेंट घातले होते. पहिली शिफ्ट करून ते थेट हॉलवर यायचे, कंपनीच्या शर्टातच. शेजारच्या पट्ट्यावर चढता चढता त्यांनी मला बघितलं. आबाजींनी मला डाव्या हातानं छातीशी धरलं होतं आणि उजवा हात तेवढा हलवत ते तिरके तिरके चालत होते.

"मालक, लेकरू कितव्या महिन्याचं?"

आबाजी काही बोलले नाहीत.

"मान धरतंय का अजून?"

तेव्हाही नाही.

मॅडमनी डॉक्टरांकडून विचारून घेतलं होतं. हाड जुळलेलं होतं. "काका, आता उशी ठेवा बाजूला. दोन्ही हात हलवत चाला." आबाजी हो म्हणायचे आणि ठेवायचे नाहीत. मॅडमनी मला कधी ओढून घेतलं नाही. रोज सांगायच्या, रोज ते हो म्हणायचे. लुगड्याची पट्टी मात्र तनुजानं पहिल्याच दिवशी कात्रीनं कापली होती.

दिवस जात राहिले. आबाजी एक मजला चढायचे, थांबायचे, पुढचा मजला. मीटरच्या पेटीजवळ मला जास्त घट्ट दाबायचे. चेहरा कोरा. घरी आल्यावर पूर्वीसारखेच टीव्हीसमोर. कुणी म्हटलं, बरं वाटतंय का, तर "हाय तसंच." मला वाटतं ते खरं बोलत होते.

एक दिवस कोंडीरामनी परत विचारलं, "काय मालक, लेकरू रांगाय लागलं का?"

"रांगतंय," आबाजी म्हणाले. पट्ट्यावर चालता चालता. मॅडमनी पडद्याकडून मान वळवून बघितलं आणि परत पडद्याकडे बघायला लागल्या.

त्यानंतरच्या आठवड्यात कोंडीराम आले नाहीत. पुढच्याही. हॉलमध्ये कुणी आलं नाही की कुणी नाव काढत नाही. त्यांच्या पट्ट्यावर दुसरे गृहस्थ चालायला लागले. शेवटी आबाजींनीच मॅडमकडून नंबर घेऊन फोन लावला.

"जित्ता हाव, मालक!" पलीकडून मशीनच्या आवाजात कोंडीराम ओरडले. "शिफ्ट बदलली. सुपरवायझर म्हनला, चालायला सुट्टी मिळत नसती. जेवनाच्या सुट्टीत गाड्या लावायच्या जागेत चकरा मारतो. लोकं म्हनतेत, याचं काय हरवलंय?"

आबाजींनी फोन ठेवला. तनुजा म्हणाली, "बघा. काहींना चालायला परवानगी मिळत नाही, आणि काहींना हातापाया पडून चालवावं लागतं." आबाजींनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते तिनं हाक मारायच्या आधी चपला घालून उभे होते. मी काखेत.

इकडे आत्या बसल्या होत्या. मनापासून बसल्या. नुसता उंबरा पाळला असता तरी चाललं असतं, पण आत्या अर्ध्यावर काही करत नाहीत. सोफ्यावर आबाजींची जागा त्यांनी घेतली. आधी भेटायला येणारे आबाजींसाठी यायचे, आता आत्यांसाठी. "काय पण बहीण!" असं म्हणून त्यांच्याही पाया पडायचे. बिस्किटाचे पुडे यायचेच. आत्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथेच. पहिले काही दिवस त्या खिडकीतून खालच्या भाजीवाल्याशी भांडायच्या. मग तेही बंद झालं. पायांना सूज दिसायला लागली. उठताना विमलबाईंचा हात लागायला लागला.

आबाजी समोरच्या खुर्चीत बसून बघायचे. एकदा म्हणाले, "अक्का, घोटं फिरव. असं. बसल्या जागी करायचं असतंय."

ऑपरेशननंतर त्यांनी कुणाला काही करायला सांगितलं, ते हे पहिलं.

"मला नको शिकवू," आत्या म्हणाल्या. "मी काय आजारी हाय?"

त्यांनी घोटा फिरवला नाही. थोरल्यांना सांगून उपयोग नसतो. पण मी पाहिलं, आबाजींनी दुसऱ्या दिवशी परत सांगितलं. आणि तिसऱ्याही.

चैत्र आला. उत्सवाच्या सकाळी गावातून ढोल ऐकू यायला लागले. विमलबाईंनी पुरणाचा नैवेद्य ताटात मांडला. आत्यांनी नवी साडी नेसली, भावाच्या कपाळाला गुलाल लावला आणि मलाही एक बोट पुसलं. मग त्यांनी दारात येऊन उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं. नवस फिटला.

दुसरं पाऊल पुढे येईना. एका जागी बसून आखडलेला गुडघा जिन्याची पायरी घ्यायला तयार नव्हता. त्यांनी कठडा धरला, परत प्रयत्न केला आणि "आई गं" म्हणून थांबल्या. कपाळावर घाम.

खालून पुतण्या ओरडला, "आत्या, खुर्ची आणू का?"

आत्यांनी आबाजींकडे बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते मला सांगता येणार नाही. मी उशी आहे. पण बहुतेक तेच होतं, जे आबाजींच्या छातीत त्या दुपारी आदळत होतं.

"खुर्ची नको," आबाजी म्हणाले. "धर मला."

एका हातात मी, दुसरा हात बहिणीला, असे ते निघाले. एक एक पायरी. एक मजला झाला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आत्यांचा तोल गेला आणि त्यांचं सगळं वजन भावाच्या अंगावर आलं. एक हात पुरेना. आबाजींनी इकडेतिकडे बघितलं. मीटरची पेटी समोरच होती. त्यांनी मला तिच्यावर ठेवलं आणि दोन्ही हातांनी बहिणीला सावरलं.

आत्यांनी त्यांच्या छातीवर, डाव्या बाजूला, शर्ट मुठीत धरला होता.

"अक्का, हळू. नखं लागत्यात."

"लागू दे. पडेन मी."

"लागत्यात," आबाजी परत म्हणाले. पण या वेळी तक्रारीसारखं नाही. ते तिथेच थांबले. खाली मान घालून आपल्या छातीकडे बघत राहिले, बहिणीच्या मुठीकडे. तनुजा वरच्या पायरीवर नैवेद्याचं ताट घेऊन उभी होती.

मग सगळे खाली गेले. मी वर राहिले.

दुपारी परत येताना आबाजींचा आवाज जिन्यात आधी आला, मग ते. पूर्ण वेळ बोलत होते. "सांगत हुतो घोटा फिरव. ऐकाया नको. उद्यापासून माझ्यासंगं खाली यायचं, मोटरपातुर. न्हाई म्हणायचं न्हाई." आत्या धापा टाकत म्हणत होत्या, "व्हय बाबा, व्हय." माझ्या समोरून गेले. हात मोकळा नव्हता. डोळाही नव्हता.

फोन वाजला होता मधेच. आबाजींनी तो खांद्यानं कानाशी धरला होता. "व्हय कोंडीराम, चालाय लागलं," ते म्हणाले, आणि पुढचा मजला चढले.

तेव्हापासून मी इथेच आहे, मीटरच्या पेटीवर. खालच्या भाडेकरणीची मांजर माझ्यावर झोपते. धूळ बसलीय. कुंकवाचा डाग आणि गुलाल एकच दिसतात आता. गाठ तेवढी पक्की आहे, तानुबाई खोटं बोलल्या नव्हत्या. पहाटे आबाजी उतरतात, मोटर चालू करतात, दोन्ही हात हलवत वर येतात. आत्या मागे, कठड्याला धरून, कुरकुरत. टाकी भरली की मोटर वेळेवर बंद होते. रस्त्यावर पाणी वाहत नाही.

आज सकाळी ते माझ्यासमोर थांबले. मला निरखून बघितलं. मांजरीला हाकललं. मग जिन्यातून खाली तोंड करून, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असे ओरडले,

"ए, ही घाणेरडी उशी कुणाची हितं? जिना म्हंजे काय उकिरडा हाय का तुमचा? संध्याकाळपातुर उचला, न्हाईतर फेकून दीन!"

आणि वर निघून गेले. धाप न लागता.

भाडेकरू आता एकमेकांना विचारतायत, उशी कुणाची. तनुजा दारात उभी राहून हसतेय. विमलबाईंनी पदर तोंडाला लावलाय.

तुम्हाला एवढंच मागते. माझी कणव येऊन मला कुणी वर नेऊ नका. आणि मी कुणाची, हे आबाजींना सांगू नका.